मंगलमावशी मागं सरतात

आमच्या विद्यापीठाच्या नाट्य-नृत्य विभागाचे यंदाचे प्रयोग जानेवारीत सुरू होतायत. तीन नाटकं आणि एक नृत्य. नृत्य मी बसवलेलं, भातशेतीवरचं, आणि त्याचा मला भलताच अभिमान होता. मी मूळची भोरची. वडील कचेरीत नोकरीला, त्यामुळे भाताची खाचरं पाहिली ती एसटीच्या खिडकीतून. पण पुण्यात "आमच्याकडे भात पिकतो" हे मी अशा थाटात सांगते, की ऐकणाऱ्याला वाटावं, बाई आत्ताच चिखलाचे हात धुऊन आल्या.

दिवाळीनंतर बारा मुलींना घेऊन दहा दिवसांच्या तालमीसाठी भोरला आले. एका शाळेचं सभागृह मिळालं. स्वयंपाकाला उत्रोलीच्या मंगलमावशी येऊ लागल्या. साठीला टेकलेल्या, काटक, डाव्या पायानं जरा लंगडणाऱ्या. पहिले दोन दिवस त्यांनी आमच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. तिसऱ्या दिवशी चहाची किटली घेऊन दारात आल्या आणि तिथंच थबकल्या. आत मुली ओळीनं वाकून, तालावर एकेक पाऊल पुढं टाकत, भाताची रोपं लावत होत्या.

"अगं बायांनो, काय चाललंय ह्ये?" मावशी ओरडल्या. "लावलेलं समदं तुडवत निघालाय की!"

मी गाणं बंद केलं. रोपं लावणारी बाई मागं सरत जाते, एवढी साधी गोष्ट मला ठाऊक नव्हती. दोन पदव्या, तीन पुरस्कार, सगळं पाण्यात.

"मग दाखवा की तुम्ही," मी जरा फणकाऱ्यानंच म्हणाले.

मावशींनी किटली खाली ठेवली, पदर खोचला आणि कमरेत वाकल्या. डाव्या हातात नसलेल्या रोपांची मूठ. उजव्या हातानं त्यातली तीन-चार काढायची, बोटांनी फरशीत रोवायची, आणि अर्धं पाऊल मागं. पुन्हा तीन-चार, पुन्हा अर्धं पाऊल. घाई नाही, थांबणं नाही. खिडकीतून उतरतं ऊन आत आलं होतं. खोटं नाही सांगत, त्या फरशीवर मला घोटाभर पाणी दिसायला लागलं.

"मावशी, मागं न बघता पडायला नाही होत?" गुलनाजनं विचारलं. ती आमची सगळ्यात तयारीची मुलगी, तीही भोर गावातलीच.

"मागं काय बघायचं? टाचंला कळतंय. आपुन म्होरं बघायचं. जेवढं लावलं तेवढं हिरवं समदं डोळ्याम्होरं ऱ्हातं. त्येच तर सुख हाय, बाय."

त्या दिवसापासून मावशी निम्मा वेळ चुलीपाशी आणि निम्मा वेळ आमच्यात. भाकऱ्या थापता थापता त्यांनी मला सगळं सांगितलं. माहेर वेल्ह्याकडचं. दहाव्या वर्षी आईनं खाचरात उभं केलं, तेव्हापासून एक साल चुकलं नाही. दोन वर्षांपूर्वी गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी बजावलं, चिखलात पाय घालायचा नाही. आता लागणीच्या दिवसांत बाकीच्या बाया खाचरात उतरतात आणि मावशी बांधावर बसून त्यांना चहा देतात.

"सपनात लावती म्या," त्या म्हणाल्या. "मागं मागं सरती, पन खाचर सरतच न्हाई. लई ग्वाड वाटतं. जाग येती तवा पाय हलत असत्यात." बोलता बोलता हसल्या, आणि डोळे भरून आले. मलाही भरून आलं. पुढं दोन-तीन दिवस मी जागेपणीही त्या न सरणाऱ्या खाचरातच होते. मुली काही विचारायच्या, मी भलतंच उत्तर द्यायची.

शेवटी मी म्हटलं, "मावशी, आमच्याबरोबर रंगमंचावर उभ्या राहा. तिथं चिखल नाही."

त्यांनी दोन दिवस विचार केला आणि "येती" म्हणाल्या. मग आडवा आला तो त्यांचा मुलगा, बंडू. शिरवळच्या एका कंपनीत कामाला, आईवर जीव असलेला, रोज संध्याकाळी मोटरसायकलवर तिला न्यायला येणारा. त्यानं घरी तोंड फुगवलं. पुण्याच्या लोकांपुढं आई नाचणार, मग गावात तोंड कसं दाखवायचं?

"त्याच्या मनाइरुद बी उभी ऱ्हाईन म्या," मावशी मला म्हणाल्या. "पन मग म्होरं हिरवं न्हाई दिसायचं. त्याचंच त्वांड दिसंल."

मला बंडूचा असा राग आला की कलेच्या थोरवीवर एक भाषणच तयार करून ठेवलं. ते करायची वेळ आली नाही, हे त्याचं नशीब.

शेवटच्या दिवशी सलग तालीम होती. बंडू लवकर आला. हातात हेल्मेट, कपाळाला आठ्या. "आई, चल घरी," तो दारातूनच म्हणाला. तेवढ्यात गाणं सुरू झालं आणि मावशी मुलींच्या ओळीत वाकल्या.

मी बसवल्याप्रमाणे मुली सभागृहाच्या मध्यापर्यंत मागं सरल्या आणि बाजूला झाल्या. मावशी थांबल्याच नाहीत. तीन-चार रोपं, अर्धं पाऊल. गाणं संपलं तरी चालूच. आता फक्त बांगड्यांचा आवाज येत होता. त्यांना आम्ही दिसत नव्हतो, हे अगदी स्पष्ट होतं. टाच मागच्या भिंतीला लागली तेव्हा त्या कमरेवर हात ठेवून सावकाश सरळ झाल्या आणि सबंध सभागृहभर त्यांनी नजर फिरवली. इतकं तृप्त तोंड मी कुठल्याही नर्तकीचं पाहिलेलं नाही.

मग त्यांचा गुडघा लटपटला. बंडूनं हेल्मेट टाकलं, बूट काढले. दारापासून आईपर्यंत सरळ गेला असता तर वीस पावलं. तो सरळ गेला नाही. भिंतीला धरून, कडेकडेनं, पावलापुढं पाऊल ठेवत, आईनं लावलेल्या सगळ्या मोकळ्या फरशीला वळसा घालून तो तिच्यापाशी पोचला आणि तिचा दंड धरला. त्याला कुणी काही सांगितलं नव्हतं. गुलनाजनं माझा हात घट्ट पकडला. मी रडत होते, आणि मला त्याची मुळीच लाज वाटली नाही.

तो आईला तसाच कडेनं दारापर्यंत घेऊन आला. खाली बसून बूट घातले. मग हेल्मेट उचलून मला म्हणाला, "म्याडम, जानेवारीतली तारीख कंची? शिफ्ट बदलून मागायला लागंल."