पोरीले सासर मानवलं

लग्नानंतरच्या पहिल्या आखाडात मी सौसरच्या सासरहून पांढुर्ण्याला माहेरी आली, तर मायनं दारातच माझे गाल दाबून पाहिले. "सासर मानवलं वं पोरीले!" शेजारची काकू म्हणे, "अंगानं कशी भरली, पाहा!" सकाळी डोळ्यांवर इतकी सूज, की पापण्या उघडेनात, आन् हे कौतुक करून राहिले. गालांवर लाल चट्टे आले होते, ते म्हणे लग्नाचं तेज. उन्हात गेली की तेज आणखी भडके. बोटं आखडून दुखायची, तर म्हणे नव्या नवऱ्या कामचुकारच असतात.

पाय सुजले तेव्हा तं पेढे वाटायचेच बाकी राहिले. सासूबाईंनी फोनवरून हुकूम सोडला, टेस्ट करा. मेडिकलमधून पट्टी आणली, एकच रेघ. काही दिवसांनी परत पट्टी, परत एकच रेघ. सगळ्यांची तोंडं उतरली. लघवीला फेस येते, मी सांगितलं. माय म्हणाली, "उष्णता असन. धन्याचं पाणी पे."

मले घ्यायला आलेल्या नवऱ्यानं पोटरीवर बोट दाबलं. खड्डा पडला, तो भरेचना. त्या दिवशी त्याला अक्कल आली म्हणायची. मायला अन् मला गाडीत घालून थेट नागपूर गाठलं.

डॉक्टरीणबाईंनी आधी तीच लघवी तपासली. त्यातून शरीरातलं प्रोटीन वाहून जात होतं. मग रक्त तपासलं, मग पाठीतून सुई घालून किडनीचा बारीकसा तुकडा काढला. "ल्युपस," त्या म्हणाल्या. "शरीराची राखण करणाऱ्या पेशीच तुमच्या किडनीवर उलटल्या आहेत." हे पांढुर्ण्याच्या माणसाला समजवावं लागत नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आम्ही नदीपल्याडच्या सोयऱ्यांवर गोटे फेकतोच की.

"उशीर झाला, पण किडनी वाचवायचा प्रयत्न करू. गोळ्या बराच काळ चालतील. तोवर मूल नको."

मायनं शेवटचं तेवढंच ऐकलं अन् रडायला लागली. "किती वर्षं, डॉक्टर? सासरी काय सांगू आता?"

पाठीला पट्टी, मी पलंगावर आडवी. असा संताप आला! "माय, मी जगीन का हे तरी विचार न वं आधी!"

"ते पाहाले डॉक्टर आहेत न," तिनं पदरानं नाक पुसलं. "तुह्या सासूले तं मलेच तोंड द्या लागते."