लाल दोऱ्यापर्यंत

मास्तरांना दुसऱ्या कुणी सांगितलं असतं, की तुमच्या पोटापायी तुमच्या बहिणीचा जीव टांगणीला लागलाय, तर त्यांनी कात्री फेकून मारली असती. पण सांगणारे निघाले डॉक्टर. आणि डॉक्टरांवर कात्री कोण फेकणार?

ताईच्या दोन्ही किडन्या कामातून गेल्या होत्या. दिवसाआड तिला दवाखान्यात रक्त धुणाऱ्या यंत्राला जोडायचे, पाणीसुद्धा घोट मोजून द्यायचे. धाकटा भाऊ म्हणून मास्तर छाती पुढे काढून उभे राहिले, की माझी एक घ्या. रक्त जुळलं, बाकीही सगळं जुळलं. छातीपेक्षा पोट जास्त पुढे होतं, तेवढं मात्र नडलं.

"साखर काठावर, त्यात हे पोट. आज तुमची किडनी काढली तर उद्या तुम्हीच इथे येऊन पडाल," डॉक्टर म्हणाले. "वर्षभर बघू. वजन उतरवा."

"वजनाचं मला कळत नाही, डॉक्टरसाहेब. मापाचं बोला. मापात माझा कुणी हात धरणार नाही."

डॉक्टर हसले आणि त्यांनी कंबरेचा आकडा सांगितला. मास्तर जन्माचे शिंपी, दवाखान्यातसुद्धा टेप गळ्यातच. त्यांनी त्या आकड्यावर तिथल्या तिथे नखाने खूण केली आणि दुकानात येऊन तिथे लाल दोरा ओवला. वर्षभरात इथपर्यंत यायचं, बस्स.

तो टेप ताईचाच. आई गेली तेव्हा मास्तर एवढेसे होते. ताईने लोकांचे कपडे शिवून त्यांना वाढवलं, पुढे मशीनवर बसवून काज-बटणापासून सगळं शिकवलं. त्यांनी दुकान उघडलं त्या दिवशी आपल्या गळ्यातला टेप काढून तिने त्यांच्या गळ्यात घातला. घालता घालता म्हणाली, "वर्ष झालं की बदलायचा, बरं का. टेप आणि नवरा, दोन्ही फार ताणू नयेत." पुढेही ती अधूनमधून आठवण करायची. मास्तरांचं उत्तर ठरलेलं. "बदलला असता गं, पण तू घातलेला पुन्हा कुठून आणू?"

सुरुवातीला मास्तरांचा उत्साह उतू जात होता. सकाळी बायकोला उठवून चालायला जायचे, तीच बिचारी धापा टाकत मागे. चहातली साखर बंद, तळलेलं बंद. मग गुडघा कुरकुरू लागला. गुडघा थांबला तर शाळेच्या गणवेशांचं काम येऊन पडलं. दिवसभर मशीनवर बसायचं, आणि उठलं की पाठ बोंबलणार. भुकेला माणूस आणि डिवचलेला साप सारखेच, मास्तर गिऱ्हाइकांवर खेकसायला लागले. शेवटी बायकोनेच चहाबरोबर बिस्किटं ठेवली. "खा बाई, पण माणसात या." चालणं उद्यावर गेलं. उद्याचं परवावर गेलं. आता यात त्यांना आळशी म्हणायला माझी जीभ रेटत नाही. मनात बहीण होती, पण शरीर म्हणजे काही नोकर नव्हे, हाक मारली की ओ द्यायला.

एक गोष्ट मात्र चुकली नाही. रोज सकाळी मास्तर टेप कंबरेभोवती घ्यायचे. आदल्या दिवशी बिस्किटं जास्त झाली असतील तर अंमळ जोरात आवळायचे, श्वास कोंडून. आणि काय सांगू, टेपचं टोक हळूहळू लाल दोऱ्याकडे सरकू लागलं!

एकदा औषधांच्या दुकानातल्या काट्यावर ते उभे राहिले, तर वजन जैसे थे. "काटा बिघडलाय तुमचा," दुकानदाराला ऐकवून खाली उतरले. जुन्या पँटचं बटण लागेना, तर म्हणाले धुऊन आटली. नवी शिवली, ती बरोब्बर बसली. त्याच सुमारास कापडवाल्याशी वाजलं. त्याच्याकडून आलेलं प्रत्येक कापड मास्तरांच्या टेबलावर बोटभर कमी भरायचं. "मापात पाप करतोस? लाज नाही वाटत?" असं त्याला भर रस्त्यात ऐकवून आले. वीस वर्षांचा घरोबा तुटला.

"अहो, मला तर तुम्ही आहात तसेच दिसता," बायको एकदा भीत भीत म्हणाली.

"तुला काय कळतंय मापातलं?"

दर आठवड्याला ताईकडे बातमी जायची. चार बोटं राहिली. तीन राहिली. ताईने आधी आशा ठेवलीच नव्हती. पण भावाचं माप तिला ठाऊक होतं, ते कधी चुकत नसे. ती हळूहळू बोलू लागली, की बरी झाले की पोटभर पाणी पिईन. दुसरं काही नाही, घोट मोजल्याशिवाय एक तांब्याभर गार पाणी. मास्तर घरी येऊन टेप आणखी आवळत.

मधे डॉक्टरांकडे दाखवून यायचं होतं, ते गेलेच नाहीत. टेप सांगतोय ना, मग कशाला? वर्ष सरलं, टोक दोऱ्याला टेकलं, आणि मास्तर नवी पँट घालून बायकोबरोबर ऐटीत दवाखान्यात गेले.

नर्सबाईंनी आपला टेप काढला, लावला आणि आकडा सांगितला.

"तुमचा टेप चुकतोय, बाई."

"परवाच आणलाय, मास्तर."

मास्तरांनी गळ्यातला काढला. तपासायच्या पलंगावर दोन्ही शेजारी शेजारी पसरले, टोकाला टोक लावलं आणि अंगठ्याने सपाट करत गेले. पहिले आकडे जुळले. मग फरक दिसू लागला, पुढे वाढतच गेला. लाल दोरा जिथे होता, तिथे नर्सबाईंचा आकडा केव्हाच येऊन गेला होता. तीन बोटं मागे.

टेप ताणला गेला होता. जुना तर होताच, त्यात वर्षभर रोज पोटाभोवती आवळून आवळून मास्तरांनी तो स्वतःच्या हाताने लांबवला होता. गिऱ्हाईक कसं बोलणार? त्याच टेपने माप, त्याच टेपने कापणं, कपडे बरोबरच बसायचे. काटा खरा होता. पँट आटली नव्हती. तो बिचारा कापडवालाही खरा होता. नाचता येईना अंगण वाकडं, आणि मास्तरांनी वर्षभर सगळ्या गावाचं अंगण वाकडं ठरवलं होतं.

डॉक्टर रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. साखरही काठ ओलांडून गेली होती. "आत्ता नाही घेता येणार. सहा महिन्यांनी बघू."

"ताईकडे सहा महिने आहेत ना?"

डॉक्टरांनी कागद चाळले. "बघू," ते पुन्हा म्हणाले.

बायकोने वाटेत नवा टेप घेतला.

ताई खाटेवर पाय लांब करून बसली होती, पाय सुजून तुकतुकीत झालेले. मास्तर दारातूनच बोलले, "ताई, मी घात केला गं तुझा." आणि सगळं सांगून टाकलं. टेपचं सांगताना त्यांना तिच्याकडे बघवेना.

ताईने जुना टेप हातात घेऊन बोटांनी चाचपला. म्हणाली, "नवा आणलाय?"

बायकोने पुढे केला.

"उभा राहा इकडे."

तिने बसल्या बसल्या भावाच्या कंबरेभोवती टेप घेतला. टेप कसा धरावा हे हात विसरले नव्हते. न सैल, न घट्ट.

"श्वास सोड."

"सोडलाय."

"मला शिकवतोस? सोड म्हटलं ना!"

वर्षभर आत ओढून धरलेलं पोट मास्तरांनी सोडलं, आणि त्याबरोबर त्यांना रडू कोसळलं. पन्नाशीचा माणूस, लहान पोरासारखा हुंदके देत होता. ताईने आकडा वाचला. मोठ्याने, जसा होता तसा. मग जुन्या टेपमधला लाल दोरा ओढून काढला. सुजल्या बोटांना सुई धरवेना, म्हणून तिने ती भावाकडे दिली. नवा टेप, डॉक्टरांचा तोच आकडा. दोरा तिथे ओवताना मास्तरांना तो फार लांब दिसला.

"आता स्वतः मोजायचं नाही," ताई म्हणाली. "मी मोजणार."

"रोज सकाळी येतो."

"रोज कसा येशील? दिवसाआड मी यंत्रावर असते ना."

मास्तरांनी मान हलवली. "मग तू घरी असशील त्या दिवशी येईन," ते म्हणाले.