चेअरमनच्या नावाचं कार्ड

"कार्ड छापतं कोण आता? मोबाईलवर नंबर पाठवला की झालं," असं ऑफिसातल्या एका शहाण्याने मला ऐकवलं आणि मी त्याच आठवड्यात बीड गाठायचं ठरवलं. मी व्हिजिटिंग कार्डं जमवते. हसायचं असेल तर हसून घ्या. हाताने शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवून कार्ड छापणारा एक छापखाना बीडमध्ये अजून चालू आहे, असं कानावर आलं होतं. सोबत कुणी येईना, म्हणून एकटीच निघाले.

पुण्याहून सकाळची एसटी धरा. बायकांना अर्धं तिकीट, त्यामुळे खिशाला चाट बसत नाही. पाणी मात्र घरूनच घ्या. त्या वर्षी पावसाने पाठ फिरवली होती. जामखेडच्या पुढे रस्त्यावर टँकरमागून टँकर आणि कडेला रिकाम्या घागरींची रांग, हे बघून माझ्या पिशवीतल्या बाटल्यांची मलाच लाज वाटली.

बीडच्या स्टँडवरून शेअर रिक्षाने छापखान्यात पोचले. मालक रफिकभाई. त्यांच्या आजोबांनी निजामाच्या काळात हे काम सुरू केलं. चहा येईपर्यंत त्यांनी जुन्या कार्डांचा गठ्ठा पुढ्यात टाकला. एका वकिलाचं कार्ड एका बाजूने उर्दू, दुसऱ्या बाजूने मराठी. बैलांच्या दलालाच्या कार्डावर नुसतं नाव आणि बाजाराचा वार, पत्ता नाहीच. पुढे कारखाने आले, दूध संस्था आल्या आणि 'चेअरमन' हा शब्द नावापेक्षा मोठा झाला. असल्या कार्डामागे 'यांचे काम करावे' एवढी ओळ लिहून सही केली, की माणूस ते घेऊन थेट कचेरीत जायचा.

"कार्ड म्हंजे साहेब सोबत आल्यासारखंच," रफिकभाई म्हणाले.

तेवढ्यात चौसाळ्याकडच्या एका गावातल्या सुमनबाई आल्या. बायकांच्या दूध संस्थेच्या नव्या चेअरमन. आपली छापून झालेली कार्डं त्यांनी हातात घेतली आणि कपाळाला आठी घातली. वर ठळक 'अंकुशराव', म्हणजे त्यांचे यजमान. खाली बारीक अक्षरात 'सौ. सुमन, चेअरमन'. नंबरही अंकुशरावांचाच.

"निवडून मी आले. हे काय चुलीत घालू?"

"वैनी, बाई चेअरमन असली की मालकाचंच नाव वर टाकतो आमी. सगळ्यांचं तसंच असतंय. लईच वाटलं तर पेनानं नंबर दुरुस्त करा."

"खोडलेलं कार्ड बघून कोन इज्जत दील?"

मग त्या माझ्याकडे वळल्या. "ताई, आज दुपारी मांजरसुंब्याला मुरघासवाला यायचाय. मक्याचा मुरवलेला चारा हाय त्याच्याकडं. ट्रक आला की डायवर कार्डावरचाच नंबर लावतो. ह्यांना फोन गेला की पुढारी सांगतील त्या गोठ्यात माल उतरंल. ह्यांना न्हाई म्हनता येत न्हाई कुनाला. मंग आमच्या बायांच्या म्हशी का म्हून उपाशी ठिवायच्या?"

रफिकभाई उठले. वीज गेलेली होती, पण ट्रेडल हे छपाईचं यंत्र पायाने चालतं. त्यांनी चष्मा लावला आणि खिळे वेचायला घेतले.

"मालकाचं नाव?"

"माझ्या नावात मधी हाय की. तितकंच ऱ्हाऊ द्या."

नवी कार्डं निघाली तशी मी आवेशात ती उचलायला धावले आणि ओल्या शाईवर अंगठे उमटवून ठेवले. "ताई, तुमी बसा," असं सुमनबाईंनी गोड आवाजात सांगितलं. गुमान बसले.

मांजरसुंब्यापर्यंत वडापच्या जीपमध्ये सुमनबाई आणि मी मांडीला मांडी लावून गेलो. तिथल्या ढाब्यावर शेवभाजी आणि बाजरीची भाकरी जरूर खा, पण तिखट जपून. मुरघासाचा व्यापारी खाटेवर बसला होता. सुमनबाईंनी कार्ड दिलं. त्याने न बघताच खिशात टाकलं आणि विचारलं, "साहेब कुठं आहेत?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. सुमनबाईंचा आवाज मात्र चढला नाही.

"कार्ड भाईर काढा. वाचा. आन् त्यावरचा नंबर लावा."

"अहो, समोरच तर बसलाय तुम्ही."

"लावा की."

त्याने लावला. सुमनबाईंच्या कनवटीच्या पिशवीत फोन वाजला. त्यांनी तो समोर बसूनच उचलला. "हां, बोला. चेअरमन बोलते. ट्रक संस्थेच्या दारात उतरवायचा, दुसरीकडं कुटंच न्हाई." व्यापाऱ्याने फोन कानाला तसाच धरून "बरं मॅडम" म्हटलं. ढाब्यावरची दोन-चार माणसं जेवायची थांबली होती. मला इतका आनंद झाला की सगळ्यांचं बिल मीच देऊन टाकलं.

घरी आल्यावर ऑफिसातल्या त्या शहाण्याला हे सांगितलं. म्हणाला, नंबर तर मोबाईलवरही पाठवता आला असता. आला असता. पण व्यापाऱ्याने तो कुठल्या नावाने ठेवला असता, हे सुमनबाईंना कधीच कळलं नसतं. छापलेलं नाव दुसऱ्याला खिशातून काढून वाचावं लागतं, यासाठी मी कार्डाला अजून मोल देते.

ट्रक नेमका कुठे उतरला, ही रुखरुख मात्र राहिली. काही दिवसांनी न राहवून कार्डावरचा नंबर फिरवला. पलीकडून पुरुषाचा आवाज आला.

"कोण, अंकुशराव का?"

"हां, मीच. पुन्याच्या ताई ना? मुरघासाचा दुसरा ट्रकबी उतरतोय आमच्या संस्थेच्या दारात, त्या मोजून घेतायत. थांबा हां," ते म्हणाले. मग फोन बाजूला धरून त्यांनी हाक दिली, "ओ चेअरमन, तुमचा फोन हाय!"