पाळ बांधलेला समुद्र

पारखीकाका कुठलंही चित्र आधी मागून बघत. सगळी नोकरी एका संग्रहालयात जुनी चित्रं साफ करण्यात गेल्यामुळे पुढच्या बाजूवर त्यांचा फारसा विश्वास उरला नव्हता. पुतणीसाठी आलेल्या मुलाचा फोटोही त्यांनी उलटा करून पाहिला आणि म्हणाले, “स्टुडिओ चांगला आहे.” ते लग्न जमलं नाही.

नागरवाड्यात ते आमच्या खालच्या मजल्यावर एकटे राहत. बोलत कमी, आणि मला ते सोयीचं होतं. इंग्रजी शाळा आणि गुजराती शेजार यांमुळे मराठी वाक्य मला आधी मनात जुळवावं लागे, आणि जुळेपर्यंत समोरचा माणूस निघून गेलेला असे. काका निघून जात नसत.

बारावीनंतर मला चित्रकलेच्या कॉलेजचा फॉर्म भरायचा होता. आईला कॉम्प्युटरचा कोर्स हवा होता. मांडवीच्या बाजारात मिठाईच्या दुकानावरही तेव्हा कॉम्प्युटर क्लासची पाटी लागली होती. शेवटी आई म्हणाली, “काका हो म्हणाले तर फॉर्म भर. नाहीतर कॉम्प्युटर. मग रडायचं नाही.”

म्हणून मी माझं एकमेव मोठं चित्र खाली नेलं. आई मागोमाग आली. ज्याची गमतीदार चित्रं तेव्हा घरोघर कॅलेंडरवर असत, अशा एका चित्रकाराच्या समुद्रकिनाऱ्याची ती नक्कल होती. गॉगल लावून डुंबणाऱ्या जाड्या बायका, बर्फाचा गोळा खाणारा उंट, होडीत झोपलेला हवालदार. सगळे लहान मुलांनी काढल्यासारखे. कॅलेंडरवर खालचा भाग तारखांच्या गठ्ठ्याखाली झाकलेला होता. तेवढा मी मनाने भरला होता. समुद्र मी पाहिलेला नव्हता.

काकांनी चित्र उलटं केलं. मागे भावाचा कॅरमबोर्ड होता; त्याच्याच पाठीवर मी रंगवलं होतं.

“ही बाजू नीट काढली आहे,” ते म्हणाले.

मग सुलटं करून भिंग घेऊन बराच वेळ बघत बसले.

“उंट त्याचा. बाया त्याच्या. हवालदार त्याचाच. ही दगडी पाळ कोणाची?”

“समुद्राची,” मी म्हणाले.

“समुद्राला पाळ नसते, बेन. ही आपल्या सूरसागर तलावाची आहे. पायऱ्यांसकट.”

“पुसते मी,” मी घाईने म्हणाले.

“पुसणार असशील तर फॉर्म भरू नकोस.”

आईला काही उमगेना. “म्हणजे चित्र चांगलं आहे ने, काका?”

“भिकार आहे. फॉर्म भरा.”

फॉर्म भरला. प्रवेशही मिळाला. काकांनी पेढा उलटा करून पाहिला आणि खाल्ला.

पुढच्या वर्षी त्यांचा मुलगा त्यांना रत्नागिरीला घेऊन गेला. निरोप देताना मी वाक्य जुळवत राहिले. या वेळी ते निघून गेले.

महिन्याभराने समुद्राचं चित्र असलेलं पोस्टकार्ड आलं. मी आधी मागची बाजू पाहिली. बारीक अक्षरात लिहिलं होतं: “समुद्र पाहिला. मोठा आहे. पाळ नाही, त्यामुळे बसायची पंचाईत होते.”

त्या पावसाळ्यात काका तिथेच वारले. कार्ड माझ्याकडे आहे. भिंतीवर लावताना कुठली बाजू पुढे ठेवायची, ते अजून ठरलेलं नाही.