वाटीअण्णा आणि कालची आमटी

आमच्या शेजारच्या अण्णांच्या कोटाच्या उजव्या खिशात कायम एक वाटी असे. पितळेची, आतून कल्हई केलेली, रुमालात गुंडाळलेली. डाव्या खिशात चष्मा आणि तपकिरीची डबी. अण्णा शाळाखात्यात दिपोटी होते. खेडोपाडीच्या शाळा तपासायच्या, मुलांना गुण द्यायचे आणि मास्तरांना शेरे, यात त्यांचं आयुष्य गेलं. पेन्शन झाल्यावर शाळा सुटल्या, पण तपासणी काही सुटेना. मग धारवाडात आणि हुबळीत मिळून सर्वांत चांगली कटाची आमटी कुणाच्या घरी होते, याचा एकदाचा निकाल लावायचं त्यांनी मनावर घेतलं. गाव त्यांना वाटीअण्णा म्हणे. त्यांना ते ठाऊक होतं आणि त्यात काही गैर आहे असं त्यांना वाटत नसे.

मी लग्न होऊन साताऱ्याहून धारवाडला आले त्या वर्षीच्या पाडव्याची गोष्ट. मी चुलीपुढे घामाघूम, आणि मागच्या दारात एक उंच म्हातारे गृहस्थ वाटी पुढे करून उभे. मला वाटलं, कुणी माधुकरी मागायला आलं. "कट दाट ठेवलाय की पातळ?" त्यांनी विचारलं. मी घाबरून म्हणाले, "मध्यम." त्यांनी आमटी घेतली, डोळे मिटून प्यायले, आणि "साडेपाच. साताऱ्याकडचं तिखट आहे, घाई करतंय," असा शेरा देऊन गेले. आमचे हे खो खो हसले. म्हणाले, "पास झालीस. मागच्या बिऱ्हाडाला चार मिळाले होते."

इतकं सगळं सोडून आमटीच का, असं मी एकदा विचारलं. तर म्हणाले, "पोळीत गूळ आहे, वर तूप आहे. तिथं बाईचं काय कौतुक? डाळ शिजली, पुरणाला गेली, मागं राहिलं पाणी. त्या पाण्याचं काय करतेस ते दाखव म्हणावं." ही आमटी खानावळीत मिळत नाही. पुरण घालणाऱ्या घरीच ती व्हायची. त्यामुळे दोन्ही गावांतली लग्नं, मुंजी, डोहाळजेवणं अण्णांना तोंडपाठ असत. वाटी स्वतःची का, तर प्रत्येक घरची वाटी लहानमोठी, म्हणजे परीक्षा सारखी होत नाही.

हुबळीच्या दुर्गदबैल पेठेतल्या एका कापडवाल्याच्या मुलीचं लग्न होतं. अण्णा सकाळच्या गाडीने हुबळीला गेले आणि थेट पंगतीत बसले. वधूपक्षाला वाटलं, हे वराचे थोरले काका. वरपक्षाला वाटलं, हे वधूचे मामा. दोन्हीकडून आग्रह झाला, हार पडला, धोतरजोडीचा आहेर झाला. अण्णांनी वाटी काढली आणि वाढायला आलेल्या वधूच्या आईला सगळ्यांदेखत सांगितलं, "सात. गूळ उशिरा पडला." थोरल्या काकांनाच आमटी पसंत नाही म्हटल्यावर मंडपात गडबड उडाली. वधूची आई रडायच्या बेतात आली. शेवटी अण्णा उभे राहून म्हणाले, "अहो, सात म्हणजे पहिला वर्ग. मुलगी सुखात राहील." तेवढ्यावर लग्न निभावलं. धोतरजोडी त्यांनी पुष्कळ वर्षं वापरली.

पण या सगळ्या तपासणीत एका उमेदवाराचं दुःख मोठं होतं. ती म्हणजे त्यांची बायको, आमची अक्का. तिला ते दरवेळी सहा देत. ती खोबरं जास्त भाजून बघे, कढीलिंब तुपात तळून बघे, लवंगा वाढवी, कमी करी. सहा. दहा-बारा वर्षं सहा. "घरच्या मुलाला गुण देताना हात आखडता ठेवावा," असं अण्णांचं शिस्तीचं म्हणणं. दहा तर त्यांनी कुणालाच दिले नव्हते. "दहा दिले की मूल अभ्यास सोडतं," म्हणत. अक्का माझ्याजवळ बसून सांगे, "गावभर सात-आठ वाटत फिरायलेत बघ. मला मेलीला एकदा दहा दिले तर काय पेन्शन कापतंय सरकार?" हसत सांगे, पण तिच्या मनाला ते फार लागलेलं होतं.

आता अण्णांचा एक नेम असा की शिळं शिवायचं नाही. फिरतीवर असताना कुठल्याशा गावी कालची भाजी खाऊन ते आजारी पडले होते. तेव्हापासून, "एका दिवसाचं अन्न दुसऱ्या दिवसाला दाखवायचं नाही," हा त्यांचा कायदा झाला. साहजिकच उरलेली आमटी दुसऱ्या दिवशी अक्का खाई, आणि सोबतीला मला हाक मारी.

असंच एकदा होळीच्या दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी स्वयंपाकघरात पातेलं मधे ठेवून आमटी-भात जेवत होतो. अण्णा हुबळीला जायला म्हणून स्टेशनकडे निघाले होते, ते कोपऱ्यावरच रंगात सापडले आणि हिरवेगार होऊन मागच्या दाराने परत आले. वास घेत उभे राहिले.

"काय खायलाय?"

"कालचं आहे. तुम्हाला चालत नाही," अक्का म्हणाली.

अण्णांनी खिशातून वाटी काढली. अक्काने माझ्याकडे बघितलं आणि पळीभर आमटी घातली. ते प्यायले. पुन्हा वाटी पुढे केली. तिसऱ्या वाटीला उंबऱ्यावर बसले. मिशांतून हिरवं पाणी आमटीत ठिबकत होतं, त्याची त्यांना शुद्ध नव्हती. तीही संपवून म्हणाले, "नऊ."

अक्काच्या हातातली पळी खाली आली. "आणि उरलेला एक?"

"तो राखून ठेवतो. उद्या कुठं याहून चांगली निघाली तर काय करू?"

दुसऱ्या दिवशी माझ्या यजमानांना अंगणात गाठून ते गंभीरपणे म्हणाले, "घोटाळा झाला हो. मी सगळ्या गावाचे पेपर एक दिवस आधी तपासले. परीक्षा रद्द."

मग नवी फिरती सुरू झाली. सणाच्या दुसऱ्या दिवशी घरोघर जायचं आणि विचारायचं, "कालची आमटी आहे काय?" आता दारात आलेल्या पेन्शनर माणसाला शिळं कोण वाढणार? बायका कानांवर हात ठेवत, लगबगीने ताजी फोडणी टाकत, आणि अण्णा हताश होऊन ती पीत. त्या दुर्गदबैलच्या कापडवाल्याला तर वाटलं, अण्णांचे दिवस फिरले. त्याने डोळ्यांत पाणी आणून बैलगाडीतून जोंधळ्याचं पोतं घरी पाठवलं. असं होता होता एकाही घराची फेरपरीक्षा झाली नाही. शिळी आमटी त्यांना हक्काने मिळे ती एकाच घरी. अक्का पहिली आली, पण वर्गात एकटीच होती. "एकटी बसून पहिली आले त्यात काय मोठं?" ती म्हणे. "तो एक देऊन टाका की हो."

"होळीला बघू," अण्णा म्हणत.

लढाई सुरू झाली त्या पावसाळ्यात अण्णा तापाने आठ दिवस पडून राहिले. मी भेटायला गेले तेव्हा अक्का पायांशी बसली होती. मी धीर करून म्हणाले, "अण्णा, तो एक गुण तेवढा द्या आता." ते अक्काकडे बघून हसले आणि म्हणाले, "होळी येऊ दे की." होळी आली तेव्हा ते नव्हते. मला त्यांचा त्या वेळी राग आला होता, अजूनही थोडा येतो.

पुढच्या होळीला, वर्ष सरल्यावर, अक्काने पुन्हा पुरण घातलं. दुसऱ्या दिवशी भिंतीपलीकडून हाक आली. मी गेले, तर चुलीजवळ रुमाल सोडून वाटी ठेवलेली. तिने तीत आमटी घेतली, अण्णा मिटत तसे डोळे मिटले, आणि प्यायली. मी वाट बघत होते. वाटलं, आज स्वतःच स्वतःला दहा देऊन मोकळी होईल.

"उप्पु भाळ आत," ती स्वतःशीच कानडीत म्हणाली. मग माझ्याकडे बघून, "मीठ जास्तच झालंय गं. नऊच." तिने पदराने डोळे टिपले आणि माझ्या भातावर आमटी वाढली.

मी म्हणाले, "दहा." पण साताऱ्याच्या साडेपाचवाल्या बाईचा शेरा कोण धरतो?