गाडी मागून येतेय

भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांची मी आयुष्यभर टर उडवत आलोय. आपल्या या ग्रुपवर कुणी "घाटात पांढऱ्या साडीतली बाई दिसली" असं टाकलं की खाली "लिफ्ट दिली का?" असं विचारणारा तो मीच. तेव्हा आज मीच असलं काही लिहायला बसलोय म्हटल्यावर तुम्ही हसणार. हसा, माझी हरकत नाही. फक्त शेवटपर्यंत वाचा, आणि कुणाला काही उलगडा झाला तर मला सांगा.

झालंय असं की निवृत्तीनंतर मी परत तंबू आणि गाडी बाहेर काढली आहे. एकट्यानं लांबचा दौरा करायचाय. मुलगी रोज फोनवर विचारते, पॉवर बँक घेतली का, रेनकोट घेतला का... आणि मी सामान बांधता बांधता मध्येच थांबतो. कारण मला माझी पहिली तयारी आठवते.

तेव्हा लातूर उस्मानाबादपासून तुटून नुकताच वेगळा जिल्हा झाला होता. दुकानांच्या पाट्यांवरचं 'जि. उस्मानाबाद' खोडून त्यावर 'जि. लातूर' रंगवणं चाललं होतं. नव्या नव्या कचेऱ्या उघडत होत्या, साहेब लोक भाड्याची घरं शोधत फिरत होते. सगळ्या गावाला मोठं झाल्यासारखं वाटत होतं, फक्त नळाला पाणी नव्हतं. दुष्काळ पडला होता. आमच्या गल्लीत टँकर यायचा आणि त्याच्यामागे घागरींची रांग लागायची. आमची गंजात, म्हणजे धान्याच्या बाजारात, आडत होती. वडील मी लहान असतानाच गेले, थोरला भाऊ दुकान बघायचा. शेतात पिकलंच नाही तर गंजात माल कुठून येणार? हमाल पोत्यांवर झोपा काढायचे आणि मी माझ्या जुन्या बुलेटचं इंजिन उघडून बसायचो.

त्यातूनच डोक्यात आलं की जिथं पाणी आहे तिथं जायचं. नांदेड, भोकर, हिमायतनगर, किनवट, मग नागपूर, आणि तिथून थेट नर्मदा. एकट्यानं, गाडीवर, तंबू ठोकत. भरून वाहणारी नदी बघायची, बस्स. भाऊ म्हणाला, डोकं फिरलंय याचं.

पहिला मुक्काम मात्र ठरलेला होता. हिमायतनगरला माझी आत्या होती. वडील गेल्यावर मी दहावीपर्यंत तिच्याकडेच राहिलो, म्हणजे खरं तर तिनंच मला वाढवलं. गावाला जुनी माणसं वाढोणा म्हणायची, तीही म्हणायची. लई तोंडाळ बाई, पण मी शाळेतून यायच्या वेळेला दारात उभी असायची म्हणजे असायचीच. कधी एकदा बाजारात कुणाची तरी बुलेट उभी दिसली, तर हिनं म्हशीच्या पाठीवरून फिरवावा तसा तिच्या टाकीवरून हात फिरवला होता. तेव्हापासून तिचा एकच धोशा. "शिवू, तू गाडी घे. मला मागं बसव. परमेश्वराच्या देवळापतोर जाऊन येऊ. समद्या गल्लीनं बघितलं पायजे."

मी गाडी घेतली, पण लातुरात. तिला बसवायचं राहूनच गेलं होतं. आणि त्या वर्षी हिमायतनगरहून येणाऱ्या एका व्यापाऱ्यानं निरोप आणला, आत्यानं अंथरूण धरलंय, रोज विचारते, शिवू गाडी घेऊन कधी येतो. म्हणजे नर्मदा वगैरे ठीक होतं, पण खरं मला आत्याला गाठायचं होतं, गाडीसकट.

तर तयारी. आत्ता तुम्ही एका क्लिकवर तंबू मागवता. मी दुकानातली धान्यावर टाकायची जुनी ताडपत्री घेतली आणि महबूबचाचांकडे गेलो. महबूबचाचा गाद्या आणि कनाती शिवायचे. त्यांचं घर आमच्या गल्लीच्या नांदेडकडच्या टोकाला. दोघांनी मिळून कागदावर तंबू काढला, तो कधी झोपडीसारखा दिसायचा तर कधी टोपीसारखा. कॅरिअरच्या दोन्ही बाजूंना लटकवायच्या पिशव्याही तेच शिवणार होते. रॉकेलचा स्टो, हवा भरायचा पंप, जास्तीची ट्यूब, क्लच वायर, प्लग... मी एकेक वस्तू खाटेवर मांडायचो आणि आई एकेक वस्तू वाढवायची. धपाटे, शेंगांची चटणी, लिंबाचं लोणचं. पाण्याचा डबा तिनं घरच्या वाट्यातून भरून ठेवला होता आणि त्याला कुणाला हात लावू देत नव्हती.

आईनं मठातल्या स्वामींना विचारून दिवस काढला होता, सोमवार. पण सोमवार आला आणि माझ्या क्लच प्लेटा काही आल्या नाहीत. हैदराबादहून यायच्या होत्या. तंबूही अर्धाच झाला होता. स्वामी म्हणाले, सोमवार गेला तर पुढं बरेच दिवस चांगला दिवस नाही. मग आईनं प्रस्थान ठेवायचं ठरवलं.

नव्या मंडळींना हे माहीत नसेल म्हणून सांगतो. चांगला दिवस एक आणि निघणं दुसऱ्या दिवशी असेल, तर प्रवाशाच्या वापरातलं एखादं कापड घ्यायचं, त्यात मूठभर तांदूळ, सुपारी, हळकुंड बांधायचं, आणि ज्या दिशेला जायचं त्या दिशेच्या एखाद्या घरी ते गाठोडं त्या दिवशी नेऊन ठेवायचं. याला प्रस्थान ठेवणं म्हणतात. ते ठेवलं की माणूस निघाला असं धरायचं. नंतर प्रत्यक्ष निघताना ते गाठोडं सोबत उचलायचं. आईनं माझा चौकडीचा शर्ट घेतला, धुऊन इस्त्री केलेला, त्यात सगळं बांधलं आणि महबूबचाचांच्या कोनाड्यात नेऊन ठेवलं. मी थट्टा केली, पण तिला करू दिलं.

गंमत म्हणजे तंबू चाचांकडेच होता, त्यामुळे मी दिवसातून दोनदा तिथं जायचो. चाचा मशीनवरून मान वर करून म्हणायचे, "तू तो गया ना बेटा... फिर कैसे आया?" आणि आम्ही दोघंही हसायचो.

प्लेटा गुरुवारी आल्या. त्या बसवण्यात उरलेला दिवस गेला आणि शुक्रवारी सकाळी मी निघालो. चाचांच्या दारात गाडी थांबवली, तंबूची गुंडाळी कॅरिअरला बांधली, चाचांनी पाठीवर थाप मारली, निघालो. आणि अहमदपूर मागे पडल्यावर आठवलं की कोनाड्यातलं गाठोडं तिथंच राहिलं. आईला कळलं तर ती बोलून बोलून जीव घेईल, एवढंच तेव्हा मनात आलं. परत काही फिरलो नाही.

काय रस्ता होता तो! दोन्हीकडं उघडं रान, कुठं कुठं चाऱ्याला निघालेली जनावरं. नांदेडच्या पुलावरून गोदावरी बघितली, नुसती वाळू आणि मधे मधे डबकी. पण मी पंचविशीत होतो, गाडी सुरेख चालली होती, मागे स्वतःचा तंबू होता. इतका आनंद मला नंतर क्वचित झाला. दुष्काळातही माणूस असा खूश असू शकतो याची आता थोडी लाज वाटते, पण होतो खूश.

भोकरला चहाला थांबलो. हॉटेलवाला म्हातारा माझ्याकडं बघत राहिला. मग म्हणाला, "परवा पायी आलतास ना? आज गाडी घिऊन व्हय?" मी म्हटलं, बाबा, दुसरं कुणीतरी असेल. तो म्हणाला असेल, आणि चहा गाळायला लागला. मी चहा पिऊन निघालो आणि ते विसरूनही गेलो.

हिमायतनगरला पोचलो तेव्हा दुपार होती. आत्याच्या दारात माणसं बसली होती. इतकी माणसं अशी गप्प कधी बसतात हे कुणालाही कळतं. मी गाडी स्टँडवर लावली. आत्या आदल्या दिवशी गेली होती. उन्हाळ्याचे दिवस, त्याच संध्याकाळी मातीही देऊन झाली होती.

बसूदादा, म्हणजे आत्याचा मुलगा, उठून माझ्याजवळ आला. मला वाटलं गळ्यात पडेल. पण तो चिडलेला होता. "कुठं गेलतास? गाडी घिऊन येतो म्हणून गेलास ते गेलासच. आम्ही किती वाट बघावं?"

मी पायरीवरच बसलो. वाटलं, दुःखानं काहीतरी बरळतोय. मला रडू फुटलं होतं आणि त्यात कोण काय म्हणतंय इकडं लक्षही नव्हतं.

संध्याकाळी शकुवहिनींनी, म्हणजे बसूदादाच्या बायकोनं, मला चहा दिला आणि विचारलं, तो चौकडीचा शर्ट बदलला का भावजी? मी म्हटलं, कुठला शर्ट? मग त्यांच्या तोंडून एकेक निघत गेलं. बुधवारी दिवस मावळायच्या आधी मी आलो होतो. चालत. सगळ्यांनी गाडी कुठंय म्हणून विचारलं, तर मी म्हणालो, "गाडी मागून येतेय." जेवायला नको म्हणालो. आत्या दोन दिवस कुणाच्या हातचं पाणी घेत नव्हती, ते माझ्या हातनं चमच्या-चमच्यानं प्यायली. नंतर तिनं सगळ्यांना बाहेर काढलं, दार लोटून घ्यायला लावलं, आणि आम्ही दोघं बराच वेळ बोलत होतो. गुरुवारी सकाळी मी गाडी घेऊन येतो म्हणून बाहेर पडलो. दुपारी ती गेली. अगदी शांत, वहिनी म्हणाल्या. सारखं म्हणून राहिलत्या, शिवूची गाडी येऊन राहिली, मला चांगलं लुगडं काढून ठेवा.

बुधवारी दिवस मावळायच्या आधी मी लातुरात, चाचांच्या ओसरीवर तंबूच्या दोऱ्या ओवत बसलो होतो. चाचा साक्षीला होते, त्यांचं सगळं घर होतं.

मी सांगायला तोंड उघडलं होतं. पण बसूदादा तोवर शांत होऊन शेजारी येऊन बसला होता. म्हणाला, जाऊ दे, तुला भेटली तरी, तुझ्यासाठीच थांबली होती म्हातारी. त्याच्या तोंडाकडं बघून मी गप्प बसलो.

नर्मदा राहिली. दिवसकार्य झाल्यावर मी लातूरला परतलो. पहिल्यांदा चाचांकडे गेलो. कोनाडा रिकामा होता. चाचा आईला आपा म्हणायचे. म्हणाले, "आपा कल लेके गई. मैं हात नै लगाया, अल्ला कसम." घरी आलो तर माझा चौकडीचा शर्ट दोरीवर ठिबकत होता. त्या दिवसांत आमच्याकडं अंघोळीचं पाणी भांडी घासायला आणि भांड्यांचं झाडाला जायचं, आणि आईनं एका शर्टासाठी अख्खी बादली वापरली होती. मी विचारलं, धुतलेलाच बांधला होतास ना, मग परत का धुतलास? ती म्हणाली, "मळला होता." आणि आत निघून गेली. नंतर कितीतरी वेळा विचारलं, तिनं त्यापुढं एक शब्द सांगितला नाही. ती गेली तेव्हा ते तिच्याबरोबरच गेलं.

खुलासे मी पुष्कळ करून बघितले. माझ्यासारखा दिसणारा कुणी असेल, पण ज्या घरात मी दहावीपर्यंत वाढलो त्यांनी मला ओळखण्यात चूक करावी? आजारपणात आत्याला भास झाला म्हणावं, तर सगळ्या घराला कसा झाला? मी स्वतःच विसरलो म्हणावं, तर चाचांच्या घरी कोण बसलं होतं? कशाचा कशाला मेळ लागत नाही.

पण मला आयुष्यभर पुरलंय ते वेगळंच. हिमायतनगरहून निघायच्या दिवशी शकुवहिनी मला गोठ्याकडं बोलावून घेऊन गेल्या. त्यांचं आणि आत्याचं कधी पटलं नव्हतं, लग्न झाल्यापासून भांडणं. शेवटचं वर्षभर वहिनींनीच तिचं सगळं केलं, पण दोघी एकमेकींशी कामापुरतंच बोलायच्या. पदराचं टोक बोटाला गुंडाळत त्यांनी विचारलं, "भावजी, दार लावून एवढं बोललात तुम्ही दोघं... आत्याबाईंनी माझं नाव काढलं का ओ?"

त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि मला उत्तर द्यायचं होतं. मी म्हटलं, हो. म्हणाली, शकूनं माझं लई केलं, मी तिला गोड बोलले न्हाई, तिला सांग.

वहिनी तिथंच खाली बसल्या आणि मोकळ्या रडल्या.

आता त्या खूप थकल्यात. ऐकूही कमी येतं. मी सामान बांधतोय हे त्यांना माझ्या मुलीकडून कळलं, तर परवा त्यांचा फोन आला. म्हणाल्या, या रस्त्यानं जाणार असाल तर घरी या भावजी, आणि आत्याबाई माझ्याबद्दल काय म्हणल्या ते तेवढं परत एकदा सांगा. मी फोनवरच सांगितलं, मोठ्यानं, दोनदा. दरवेळी सांगतो तेच, तसंच.

आणि ते मी त्यांना खोटं सांगत आलोय की खरं, हे मला आजही माहीत नाही.