शेंदूर लावलेली हद्द

कांबळेबाई तळ्याकाठी पोचल्या की आधी चपला काढून हातात घ्यायच्या आणि थेट चिखलात शिरायच्या. "ओल बुटाला कळत न्हाई, जोशीबुवा, तळपायाला कळती," असं वर मला ऐकवायच्या. मी परभणीहून गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट घेऊन आलो होतो. पहिल्याच फेरीत माझा पाय वर आला आणि बूट खाली राहिला. एका पायावर बगळ्यासारखा उभा राहून मी बूट उपसत होतो, आणि बाई काठावर बसून डोळे पुसेपर्यंत हसत होत्या.

वालूरच्या अलीकडचं ते तळं गाळानं बुजून गेलं होतं. आमच्या संस्थेनं ते पुन्हा जिवंत केलं. काठची पाणथळ जमीन मात्र शेतकऱ्यांचीच. ती नांगरणार नाही, तिच्यात भर टाकणार नाही, तिच्यावर बांधणार नाही, असा नोंदणी केलेला करार त्यांनी करून दिला होता. बदल्यात त्यांच्या वरच्या शेतांना संस्थेनं बांध घालून दिले. हद्दीवर दगड रोवले होते, प्रत्येकावर लाटेची खूण कोरलेली. अधूनमधून काठानं फिरून शब्द पाळला जातोय का, ते पाहायचं, एवढंच आमचं काम. बाई हायस्कूलमध्ये भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या आणि जन्मच बौद्ध घरातला, त्यामुळे दोन गोष्टींची त्यांना चीड होती: खोटा नकाशा आणि खोटा देव. दोन्ही एकाच दगडात भेटतील, असं त्यांनाही वाटलं नसेल.

काठच्या जमिनीपैकी रस्त्याकडचा तुकडा रंगराव अण्णांचा. रस्ता रुंद झाला तसं अण्णांच्या मनात मंगल कार्यालय उभं राहू लागलं. "बाई, एवढीशी तर जागा हाय. गाड्या लावायपुरती," ते म्हणायचे.

"अण्णा, तुमच्या देवघरात मी एवढीशी चूल मांडू का? भाकरीपुरती?"

अण्णा हसायचे, चहा मागवायचे. चहा बाई घ्यायच्या, जागा द्यायच्या नाहीत.

मग बाई लेकीच्या बाळंतपणाला गेल्या आणि फेरी माझ्या एकट्याच्या गळ्यात पडली. पाहतो तर अण्णांच्या तुकड्यात, पाण्याच्या अगदी जवळ, शेंदूर फासलेला देव. पुढं अगरबत्ती, हळदकुंकू. "लय जागृत स्थान हाय, साहेब," अण्णा म्हणाले. मी बूट काढले, हात जोडले, आणि अण्णांनी पुढं केलेला नारळ भक्तिभावानं फोडला. देवाच्या अलीकडं, रस्त्याच्या बाजूला, मुरूम पडलेला दिसला, तर अण्णा म्हणाले, "भक्तांसाठी वाट करायलोत." मला ते फार पटलं. वाटेत मी प्रसादाचं खोबरंसुद्धा खाल्लं. गोड होतं.

बाई परतल्या तेव्हा मी त्यांना मोठ्या कौतुकानं देव दाखवायला नेलं. त्यांनी देवाकडं पाहिलंच नाही. रस्त्याकडं पाहिलं, पाण्याकडं पाहिलं, आणि म्हणाल्या, "हितला हद्दीचा दगड कुठाय?"

मी इकडं तिकडं पाहिलं. दगड नव्हता.

"जोशीबुवा, शेंदराखालून हात फिरवा."

"तुम्हीच बघा ना."

"मी हात लावला तर देव बाटला म्हणतील. तुमी लावा. तुमच्या हातानं देवाला काय होत न्हाई."

हे त्या अगदी सहजपणे बोलल्या. मी हात फिरवला. बोटांना लाट लागली. रस्त्याकडची जागा करारातून सुटावी म्हणून अण्णांनी आमचाच दगड उचलून पाण्याकडं सरकवला होता, आणि मी त्याच्यापुढं नारळ फोडला होता!

मला वाटलं, बाई आता शेंदूर खरवडतील. त्या गेल्या ते सरळ पारावर. गावासमोर अण्णांना म्हणाल्या, "अण्णा, देव आधी रस्त्याकडंला हुता. जागचा हलवला कुणी? केवढं पाप!"

अण्णांची गाडी अडली. आपणच बसवला म्हणावं तर देव खोटा. आधीपासून होता म्हणावं तर जागा चुकलेली. म्हातारी जनाई मधेच म्हणाली, "अगं बाई, त्या दगडाला मी म्हस बांधीत हुते की!" पार हसून लोळला.

"मग न्या वाजतगाजत जागेवर," बाई म्हणाल्या. हलगी आली. देव उचलायला कुणी पुढं होईना, म्हणून ज्यानं नारळ फोडला त्याच्या डोक्यावर तो आला. घामानं शेंदूर माझ्या नाकावरून शर्टात ओघळत होता. बाई मागून लांबून चालत होत्या. दगड जुन्या खड्ड्यात बसला आणि मुरूम आपोआप हद्दीच्या आत उघडा पडला. तो उचलायची नोटीस संस्थेनं दुसऱ्याच दिवशी दिली.

आणि आठवडाभरात पोलिसांत तक्रार झाली. देवाची विटंबना, भावना दुखावल्या. नाव कुणाचं? कांबळेबाईंचं! ज्यांनी दगडाला बोटसुद्धा लावलं नव्हतं त्यांचं! संस्थेच्या साहेबांनी त्यांना गोड आवाजात सांगितलं, "बाई, वातावरण निवळेपर्यंत तळ्यावर जाऊ नका."

"वातावरण मी बिघडवलं न्हाई, सर. हद्द बिघडली हुती, ती नीट केली," एवढं बोलून बाई परभणीच्या घरी गेल्या. फेरी पुन्हा माझ्या एकट्याच्या गळ्यात!

मी तणतणत पोलीस ठाण्यात गेलो. "दगड मी उचलला. माझं नाव घाला," म्हटलं. जमादार समजुतीनं हसले. "सर, तुमी कशाला मधी पडायलाव? तुमी देव डोक्यावर घेतला. तुमची तर सेवा झाली."

"आणि बाईंनी काय केलं?"

"त्यांनी न्यायला सांगितलं ना."

माझा जबाब मी हट्टानं लिहून दिला. तो त्यांनी ठेवून घेतला, तक्रारीतलं नाव मात्र बदललं नाही. बाहेर येऊन बाईंना फोन लावला आणि रागारागानं सगळं ओकलो. त्या संतापतील, रडतील, असं मला वाटत होतं. त्या शांतपणे म्हणाल्या, "जोशीबुवा, तुमाला आज कळलं. मला शाळेतल्या पाण्याच्या माठापासनं ठावं हाय."



"मुरूम उचलला का अण्णानं?" त्यांनीच पुढं विचारलं.

"निम्मा."

"मग फोनवर काय करायलाव? जावा की तळ्यावर. निम्मा उरलाय."